शेवटचं दार गादीवाल्याचं

पूल उतरून दोघी शिंप्याच्या दुकानापाशी आल्या, तेव्हा मावशींनी हातानेच थांब अशी खूण केली आणि गुडघा धरून त्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. फेरी निम्म्याहून जास्त झाली होती. सकाळी शाळेच्या फाटकातून निघाल्यापासून पुष्कळ दारं वाजवून झाली होती. त्यातली बरीचशी उघडली नव्हती, आणि जी उघडली त्यांतल्या एकाही घराने बसा म्हटलं नव्हतं.

“सवय होते,” मावशी म्हणाल्या. “कुणी बसा म्हणालंच, तर समजायचं आपण घर चुकलो.”

बरोबरची नवी बाई हसली. ही नवी म्हणजे हे लिहिणारीच. पण गोष्ट मावशींची आहे, तेव्हा नवीने नवीच राहिलेलं बरं. मावशींच्या जागी तिला घेतलं होतं. मावशींचा हा नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि जाण्याआधी फेरी दाखवून देणं एवढंच काम उरलं होतं.

काम सांगायला सोपं. रोज सकाळची प्रार्थना झाली की वर्गावर्गातून फिरायचं, कोण आलं नाही ते विचारायचं आणि त्या मुलांच्या घरी चालत जायचं. पहिल्यांदा नुसती चौकशी. मूल सारखंच गैरहजर राहिलं तर शाळेची सूचना आईबापांच्या हातात ठेवायची. तरी आलं नाही तर आईबापांना समितीपुढे बोलावणं जातं, दंड होतो. हे सगळं कायद्याने ठरलेलं, पण कायद्याला पाय नसतात, म्हणून मावशींची नेमणूक.

आज नवीच्या पिशवीत एकच सूचना होती आणि ती शेवटच्या दाराची होती. गादीवाल्याच्या मुलीची. सोमवारी ती वर्गात दिसली नाही तर तिला दुसऱ्या गावच्या वसतिगृहाच्या शाळेत हलवणार होते. आईबापांपासून दूर, सहा महिन्यांनी एकदा भेट. सूचनेवर हेडसरांची सही होती आणि ती देणं नवीचं पहिलं काम होतं. मावशींना सकाळीच ते कळलं होतं. तेव्हापासून त्या नेहमीपेक्षा हळू चालत होत्या, आणि हे केवळ गुडघ्यामुळे नव्हतं.

पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी नवीला दारं समजावून सांगितली. लोहाराच्या घरी खिडकीवर थाप मारायची, कारण आजीला कमी ऐकू येतं आणि दाराशी तीच असते. धोब्याकडे कुत्रं आहे, पण ते नुसतं भुंकतं. त्या कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा मागच्या खिडकीतून उडी मारतो. नवीने विचारलं, मग आपण मागच्या बाजूला उभं राहायचं का? मावशींनी मान हलवली. कधीच नाही, म्हणाल्या. पळायचं असेल त्याला पळू द्यावं. पकडलेलं मूल पुन्हा कधी आपल्याकडे बघून हसत नाही.

हसणाऱ्यांची संख्या तशीही फार नव्हती. मावशी गल्लीत शिरल्या की रेडिओचा आवाज बारीक व्हायचा. पोरांनी त्यांचं नाव ‘ठकठक’ ठेवलं होतं. “ठकठक आली रे,” असा निरोप त्यांच्या आधी गल्लीच्या टोकाला पोचायचा आणि मग पोटदुखीची साथ यायची. एका पठ्ठ्याने एकदा पायाला पट्टी गुंडाळून लंगडून दाखवलं होतं. मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या तर पट्टी दुसऱ्या पायाला. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “बरं झालं, एक तर सुधारला.” हा किस्सा त्या नवीला सांगत होत्या तेव्हा स्वतःच हसल्या, आणि हसू संपल्यावर थोडा वेळ पुलाकडे बघत बसल्या. तो किस्सा याआधी त्यांनी कुणाला सांगितला असेल असं वाटलं नाही.

कारण सांगायचं कुणाला? शाळेत शिक्षकांची खोली होती. तिथे त्या शिक्षिका नव्हत्या म्हणून बसत नसत. झाडझूड करणाऱ्या बायका जिन्याखाली एकत्र डबे उघडत. त्यांना वाटायचं, ही कागद घेऊन फिरणारी, आपल्यातली नव्हे. मावशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून जेवायच्या, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे बघावं हा प्रश्न पडत नाही. घर म्हणजे इस्त्रीवाल्याच्या मागची एक खोली. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, पदरी मूल नाही. रात्री दिवा मालवताना त्या देवाशी दिवसभराचं बोलायच्या, कोणाकोणाची मुलं आली, कोणाची नाही. जगातल्या सगळ्यांच्या दारावर थाप मारणाऱ्या या बाईच्या दारावर कुणी थाप मारत नसे.

एक मूल मात्र वेगळं होतं. गादीवाल्याची मुलगी. तिच्या केसांत कायम कापूस अडकलेला असायचा म्हणून वर्गात तिला ‘कापशी’ म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. मावशींची थाप पडली की ती लपत नसे. स्वतः दार उघडायची, पाण्याचा पेला पुढे करायची आणि दप्तर घेऊन निघायची. ते दप्तर आधीच भरलेलं असायचं. दोन-तीनदा असं झाल्यावर मावशींच्या लक्षात आलं. पोरगी मुद्दाम घरी राहत होती. शाळेचा कंटाळा म्हणून नव्हे, तर मावशी बोलवायला येतात आणि मग दोघींनी गप्पा मारत पुलावरून चालत जायचं, त्याची तिला गोडी लागली होती. मावशींच्या पिशवीचा बंद धरून ती चालायची आणि वाटेतल्या प्रत्येक दाराबद्दल विचारायची.

खरं तर हे मावशींनी वर्गशिक्षिकेला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्यांनाही त्या चालण्याची गोडी लागली होती.

मुलीचं वाचन अगदी हळू. अक्षर अक्षर लावून ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरायची. बाकी बोलण्यात, हिशेबात, वडिलांना गाद्या शिवायला मदत करण्यात कुठे अडत नव्हतं. पण शाळेत दरवर्षी मोठी चाचणी व्हायची. सगळ्या शाळांना एकच पेपर, एकाच वेळी, गोल काळे करायचे. त्याआधी महिनाभर शिकवणं बंद आणि गोल काळे करण्याचा सराव सुरू. मग शाळेची सरासरी निघायची आणि तो आकडा फाटकाशेजारच्या फळ्यावर रंगवून लावला जायचा. आकडा घसरला की वरून विचारणा, हेडसरांची झोप उडायची, शिक्षिका डोळे पुसत वर्गात जायच्या.

अशा वेळी एका वर्षी हेडसरांनी मावशींना बोलावून, खिडकीबाहेर बघत सांगितलं, की चाचणीच्या दिवसांत काही मुलांना बरं नसेल तर उगाच आग्रह धरू नका. पुढच्या वर्षी त्यांनी कोणकोणत्या मुलांना बरं नसेल तेही सांगितलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, आदल्या दिवशी जाऊन सांगूनच या. वर्षभर मुलांना शाळेत आणा म्हणून दारं वाजवणारी बाई वर्षातून एकदा मुलांना घरी ठेवा म्हणून दारं वाजवू लागली. लोकांना त्यात वावगं वाटलं नाही. शाळेतून आलेला निरोप, म्हणजे त्यात काही कारण असणार. काही आयांना तर बरंच वाटलं.

गेल्या चाचणीच्या वेळी निरोपात कापशीचंही नाव होतं. मावशी गेल्या, मुलीच्या आईला म्हणाल्या, “चाचणी होईपर्यंत राहू दे घरी. मी बोलवायला येईन.” आईने मान डोलावली. कापशीने विचारलं, नक्की ना? मावशी म्हणाल्या, नक्की.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी नळावर पाय घसरून मावशी पडल्या. मनगट मोडलं, कंबरेला मार बसला. अंथरूण सुटायला किती तरी आठवडे लागले. शाळेतून कुणी आलं नाही. इस्त्रीवाल्याची बायको दोन वेळचं जेवण दाराशी ठेवायची, तेवढंच. चाचणी झाली. घरी ठेवलेली बाकीची मुलं सोबत्यांच्या मागे हळूहळू शाळेत परतली. कापशी परतली नाही. ती रोज सकाळी दप्तर भरून उंबऱ्यात बसायची. आई म्हणायची, जा की आता. तर म्हणायची, मावशी येणार आहे. आईबापालाही वाटलं, शाळेने ठेवायला सांगितलंय, शाळाच बोलावेल. सूचना टपालाने आल्या तेव्हा गादीवाल्याने त्या वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. आपल्याला तर घरी ठेवायलाच सांगितलंय, तेव्हा या दुसऱ्या कुणासाठी असतील, अशी त्याची समजूत.

मग समितीचं बोलावणं आलं.

मावशी हात गळ्यात बांधून तिथे गेल्या होत्या. लांब टेबल, त्यामागे समितीची माणसं, बाजूला हेडसर, समोर गादीवाला, आणि त्याच्यामागे नवा फ्रॉक घालून कापशी. मावशींना बघून ती हसली, जरा पुढेही सरकली. गादीवाल्याने सांगितलं, की शाळेनेच ठेवायला सांगितलं होतं. हेडसर म्हणाले, शाळा असं कसं सांगेल? टेबलामागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दंडाचा आकडा बोलला गेला. तो ऐकून गादीवाल्याचा चेहरा उतरला, आणि मावशींना राहवलं नाही.

“मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “मला सांगायला लावलं म्हणून. ही मुलगी पेपरला बसली की शाळेचा आकडा खाली येतो, म्हणून.”

दंड माफ झाला. झाल्या प्रकाराचं खापर मावशींवर फुटलं. सेविकेने परस्पर चुकीचा निरोप दिला, असं ठरलं. हेडसरांनी हात झटकले. मावशींना त्याचं फार वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळंच. तोंडातून शब्द गेल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं होतं. आठवड्यामागून आठवडे उंबऱ्यात बसून वाट बघणाऱ्या त्या पोरीला, आपल्याला घरी का ठेवलं होतं, ते तिथे भरल्या खोलीत पहिल्यांदा कळत होतं. आणि ते सांगणारी कोण, तर मावशी. बापाला सोडवायला बोललेलं खरं मुलीच्या वर्मी लागलं. ती परत वडिलांच्या मागे गेली.

त्यानंतर कापशी शाळेत आली नाही. मावशी किती तरी वेळा त्या दाराशी जाऊन आल्या. थाप मारली की आतला शिवणाचा आवाज थांबायचा आणि दार उघडायचं नाही.

हे सगळं मावशींनी नवीला एका दमात सांगितलं नाही. थोडं पायरीवर, थोडं चालताना, थोडं सुताराच्या दारात कुणी ओ देईल म्हणून वाट बघताना. शेवटी गादीवाल्याची गल्ली आली तेव्हा सांगायचं काही उरलं नव्हतं. दारासमोर कापसाची गाठोडी रचलेली. मावशींनी डोळे मिटून मनात देवाचं नाव घेतलं, मग थाप मारली.

आज दार उघडलं. आईने मावशींकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “या,” म्हणाली, “आता काय बाकी राहिलंय.” तिने बसा मात्र म्हटलं नाही. गादीवाला दुकानाच्या भागात सुताने गादीला टाके घालत होता. नवीने दिलेली सूचना मोठ्याने वाचून त्याने ती घडी करून मांडीखाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण बोलला ते नवीला अजून आठवतं.

“पाहुणे आले की कोपऱ्यात सारायची आणि पाहुणे गेले की पुन्हा अंथरायची, अशी फाटकी गादी वाटली का माझी पोर तुम्हाला?”

मावशी उंबऱ्यावरच बसल्या, जिथे कापशी बसायची तिथेच. कापशी आत भिंतीशी उशीचा अभ्रा शिवत होती. वर बघितलं नाही. केसांत कापूस होताच.

सुई कापडातून निघताना होणारा आवाज तेवढा येत होता. मग मावशी अगदी नेहमीच्या आवाजात, जशा दोघी पुलावरून चालल्या आहेत तशा, कापशीला सांगू लागल्या. लोहाराची आजी आता दोन्ही कानांनी बहिरी झाली. धोब्याच्या कुत्रीला पिल्लं झाली. पट्टीवाल्या पोराला आता चष्मा लागला आहे, त्यामुळे पट्टी कुठल्या पायाला बांधली ते त्याला दिसतं. आईने तोंडाला पदर लावला. कापशी हसली नाही, पण सुई थांबली.

“मी उद्यापासून येणार नाही,” मावशी म्हणाल्या. “माझी नोकरी संपली. आता ही येणार.”

कापशीने पहिल्यांदा मान वर केली. नवीला नीट पाहून घेतलं. सोमवारी शाळेत नाही आलीस तर तुला लांब नेतील, हे मावशींनी तिला सांगितलं. उगाच गोड करून नाही, आहे तसं. तिने ते आधीच ऐकलं होतं. वडिलांनी घडी केलेला कागद कुठे आहे तेही तिला माहीत होतं.

“आणि पुढच्या चाचणीला?” तिने विचारलं. “तेव्हा ही सांगायला येणार का, घरी राहा म्हणून?”

गादीवाल्याचा हात थांबला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. नवीला वाटलं, आपण काही बोलावं. पण शाळेतला तिचा तो पहिलाच आठवडा होता आणि त्या नोकरीसाठी तिने किती दारं वाजवली होती ते तिचं तिला माहीत.

“नाही,” मावशी म्हणाल्या. “चाचणीच्या दिवशी सकाळी ही तुला न्यायला येईल. थाप मारेल. तू दप्तर भरून बस.”

“नक्की?”

मावशींनी नवीकडे बघितलं नाही. “नक्की,” म्हणाल्या.

कापशी उठली, आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. एकच पेला होता. तो तिने मावशींपुढे धरला आणि त्यांनी तो सगळा प्यायला. सोमवारी येईन, असं ती म्हणाली नाही. पण निघताना आई दोघींना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, की दप्तराचा बंद तुटलाय, रात्री शिवून ठेवते.

परतीच्या वाटेवर ऊन उतरलं होतं. शिंप्याने दुकानापुढे पाणी शिंपडलं होतं, म्हणून या वेळी पायरीवर बसता आलं नाही. पुलाच्या मधोमध त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. शाळेकडे आता त्यांना जायचं नव्हतं. त्यांचं घर पलीकडच्या अंगाला होतं. निरोप समारंभ नव्हता. समितीच्या त्या दिवसानंतर तसा विषयच कुणी काढला नव्हता. त्यांनी पिशवीतून शाळेची ओळखपट्टी काढून नवीच्या हातात दिली, ऑफिसात जमा कर म्हणाल्या.

“तुला न विचारता बोलून बसले मी,” त्या म्हणाल्या. “तू नाही म्हणू शकतेस. तुझं घर चालायचं आहे, मला कळतं.”

खालून पाणी वाहत होतं. मावशींनी तिच्या दंडावर हात ठेवला, मोडून जुळलेला, जरा वाकडा राहिलेला.

“चाचणीच्या आदल्या दिवशी तुला बोलावून घेतील. खिडकीबाहेर बघत सांगतील. बाकीच्या दारांचं तू आणि तुझा देव काय ठरवाल ते ठरवा, मी कोण सांगणारी. पण त्या एका दारी तो निरोप घेऊन जाऊ नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि तिला घेऊन ये. कोरा कागद देऊन उठली तरी चालेल. तिला बोलावणं गेलं पाहिजे.”

त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

“आणि तिला आणताना या पुलावरून नको, जमलं तर इस्त्रीवाल्याच्या रस्त्याने आण. लांब पडतं, माहीत आहे. माझं दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. नुसत्या बोलत बोलत जा तेवढ्या.”